न्यूरो केस दारात येण्याआधी

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले डॉक्टर आमच्या दवाखान्यात रुजू झाले की न्यूरो केस, म्हणजे मेंदू, कणा किंवा नसांचा त्रास असलेलं जनावर, तपासायला आधी रिफ्लेक्स हॅमर (प्रतिक्षिप्त क्रिया बघायची छोटी हातोडी) शोधतात. मी त्यांना फरशी बघायला लावते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर धडधाकट लॅब्रॅडॉरसुद्धा पाय फाकवून, जपून चालतो. मग दोष कुत्र्याचा की लादीचा, हे कळत नाही. रबरी चटया टाकून चार-पाच मीटरचा पट्टा करा. दवाखान्यात तेवढी जागा नसेल तर बिल्डिंगच्या आवारातली खडबडीत शहाबादी फरशी उत्तम, फक्त पावसाळ्यात ती कोरडी आहे ना ते बघून ठेवा. जवळपास एखादी पायरी असेल तर फारच बरं, थोडी कमजोरी तिथे उघडी पडते.

आदल्या दिवशी घरच्यांना फोन करा. सकाळची पहिली वेळ द्या, बाहेर दहा कुत्री भुंकत असताना मानसिक अवस्था बघता येत नाही. घाबरतो म्हणून गुंगीचं औषध देऊन आणू नका, असं स्पष्ट सांगा. फिट्ससाठी फेनोबार्बिटाल चालू असेल तर त्यानेही सुस्ती येते, झोकांड्या जातात. पण ते बंद करायला सांगू नका, डोस आणि वेळ लिहून आणू देत. घरातल्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ हवाच.

आत आल्यावर पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही. दार बंद, पट्टा सोडलेला. मांजर असेल तर खिडक्याही बंद करा आणि पिंजऱ्याचं दार उघडून थांबा. घरच्यांशी बोलताना नजर जनावरावर ठेवा. कागदावर नुसतं ‘सुस्त’ लिहू नका. नावाने हाक मारल्यावर बघितलं का, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो का, एकाच बाजूला गोल फिरतो का, ते लिहा. दुखवल्यावरच प्रतिसाद येत असेल तर तो स्टुपर, आणि तेव्हा चालवून बघायची वेळ उरलेली नसते.

डोक्याच्या ठेवणीत सगळ्यात जास्त चुका होतात. एक कान खाली कललेला असेल तर वेस्टिब्युलर यंत्रणेचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विचार करा. दोन्ही कान एका पातळीत, पण नाक एका बाजूला वळलेलं असेल तर बहुधा मेंदूचा पुढचा भाग. पुढचे पाय ताठ, मागचे लुळे आणि कुत्रा पूर्ण शुद्धीवर, असं दिसलं तर दोष मानेत शोधू नका, पाठीत शोधा.

चाल समोरून, मागून आणि बाजूने बघायची. पट्टा सैल, वेग कमी, वळणं दोन्ही बाजूंना. पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा पडतो, तर पाठीचा कणा. एकाच बाजूला कलंडतो, तर वेस्टिब्युलर. पाय गरजेपेक्षा उंच उचलून आपटतो पण ताकद शाबूत आहे, तर लहान मेंदू. नखं वरच्या बाजूने घासलेली असतील तर पंजा घरीही फरपटतोय.

गाडीखाली आलेल्या कुत्र्याला मात्र चालवूच नका. दाराशी एक फळी आणि बांधायला पट्टे तयार ठेवा.

आणि रेबीज. आवाज बदललेला, जबडा लोंबणारा, लाळ गाळणारा कुत्रा आला तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. हातमोजे टेबलावर हवेत, लसीकरणाचं कार्ड आधी मागा. तुमच्या मदतनिसाची रेबीजची प्रतिबंधक इंजेक्शनं पूर्ण झाली आहेत का, ते आजच विचारा. कुत्रं धरायला सगळ्यात आधी तोच पुढे होतो.