सॉक्रेटिसची केस वाचायची कशी

नागपूरच्या कोर्टात ३१ वर्षं स्टेनो म्हणून डिक्टेशन घेतलं. रिटायर झाल्यावर धरमपेठेत आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी वाचायला बसू लागलो आणि पहिल्याच फटक्यात चुकलो, प्लेटोचं ‘रिपब्लिक’ घेतलं. तिसऱ्या रविवारी मी आणि घरमालक दोघंच उरलो, तेही तर्री पोह्यांपायी. म्हणून सांगतो, ग्रीकांचं तत्त्वज्ञान, राजकारण आणि देवधर्म एकमेकांत कसे अडकलेत हे पाहायचं तर आधी केस घ्या. प्लेटोचीच ‘अपॉलॉजी’, म्हणजे त्याचा गुरू सॉक्रेटिस यानं अथेन्सच्या कोर्टात केलेला बचाव. नावावर जाऊ नका, माफी त्यात कुठेच नाही.

अनुवाद कुठलाही चालेल, फक्त कडेला १७ ते ४२ हे आकडे छापलेले हवेत; ते एका जुन्या आवृत्तीचे पानांचे आकडे, सगळ्या अनुवादांत सारखेच. चार जणांकडे चार पुस्तकं असली तरी ‘चोवीसवर या’ म्हटलं की सगळे एका जागी येतात.

आणि चोवीसवरच सुरू करा, तिथं दोषारोप आहे. वहीत उतरवून घ्या: तरुणांना बिघडवतो, नगराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो. मग मेलेटस या फिर्यादीची उलटतपासणी मोठ्यानं वाचा, दोन आवाजांत. आमच्याकडे मेलेटस एका निवृत्त वकीलसाहेबांना दिला होता. सॉक्रेटिस विचारतो, मी दुसरे देव मानतो म्हणतोस, की देवच मानत नाही? मेलेटस जोशात म्हणतो, मुळीच मानत नाही, सूर्याला दगड म्हणतो आणि चंद्राला माती. इथं पेन्सिलीनं खूण करा. लेखी ‘नवी दैवतं’, तोंडी ‘नास्तिक’. वकीलसाहेब वाचता वाचता थांबले नि म्हणाले, “गेली केस.” वर सॉक्रेटिस सुनावतो की सूर्य दगड आहे हे म्हणणं ॲनॅक्सॅगोरसचं, त्या तत्त्वज्ञाचं पुस्तक बाजारात एका ड्राक्माला (तिथलं चांदीचं नाणं) मिळतं.

आता पुस्तक मिटा आणि तारखा मांडा. इ.स.पू. ४०४: अथेन्स स्पार्टाकडून हरलं, तीस जणांची जुलमी राजवट बसली. तिचा म्होरक्या क्रिटियास, एके काळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. ४०३: लोकशाही परतली आणि झालं गेलं उकरायचं नाही अशी शपथ झाली. ३९९: खटला. जुनं राजकारण थेट आरोपात घालायची सोय नव्हती. पण म्हणून देवाधर्माचा आरोप नुसता बहाणा होता म्हणाल, तर मी भांडेन. अथेन्समध्ये देवाचा कारभार आणि नगराचा कारभार वेगळा नव्हताच. अधर्माची फिर्याद घेणारा ‘राजा आर्कन’ हा चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी निवडलेला अधिकारी. देव कोपले तर भोगायचं अख्ख्या नगरानं, आणि हे तर नुकतंच हरलेलं नगर. आमच्यात यावरून दर वेळी दोन तट पडतात. पडू द्या.

छत्तीसवर निकाल. निवाडा करायला पाचशेच्या आसपास नागरिक, आणि सगळा खटला एका दिवसात. (हे ऐकून वकीलसाहेब बराच वेळ गप्प होते.) तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, हे तो स्वतःच मोजतो. मग शिक्षेवर म्हणणं. फिर्यादी मृत्युदंड मागतो, आरोपीनं पर्यायी शिक्षा सुचवायची. हा सुचवतो, ऑलिंपिक जिंकणाऱ्यांना घालता तसं मला सरकारी खर्चानं जेवू घाला! शेवटी मित्र जामीन राहिले म्हणून तीस मिना (एक मिना म्हणजे शंभर ड्राक्मा) दंडावर येतो. शिक्षा मात्र मृत्युदंडाचीच होते. आमच्याकडे वकिलानं वकालतनामाच काढून घेतला असता.

प्लेटोचाच ‘युथिफ्रो’ हा संवाद यानंतर घ्या. त्यात राजा आर्कनच्याच दारात सॉक्रेटिसला एक माणूस भेटतो, स्वतःच्या बापावर खुनाची फिर्याद घेऊन आलेला. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? या एका प्रश्नाला अख्खा रविवार द्या, घाई केलीत तर वाया जाईल.

‘फीडो’ (प्लेटोनंच लिहिलेला सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस) सगळं नको, शेवटचं पान पुरे. शिक्षेचं विष अंगात चढत असताना सॉक्रेटिस मित्राला म्हणतो, क्रिटो, अस्क्लेपियसला एक कोंबडा देणं आहे. अस्क्लेपियस म्हणजे रोग बरे करणारा देव. या वाक्याच्या अर्थावर विद्वान अजून भांडतात. आमच्यातल्या काकूंनी चष्मा पुसला नि म्हणाल्या, “नवस राहून गेला होता म्हणा ना जी बुवाचा.”