डिटेक्टर दर दोन पावलांवर वाजायचा: लोहदगड की सोनं, कसं ओळखलं

माइनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, डनॉली भागात व्हीएलएफ डिटेक्टर (कमी वारंवारतेवर चालणारं धातुशोधक यंत्र) फिरवत होतो. दर दोन पावलांवर आवाज, आणि खणलं की हातात तांबूस, जड लोहदगड. सेन्सिटिव्हिटी उतरवली, तर बारीक सोनंही मुकं होणार. डिस्क्रिमिनेशनचंही (नको ते धातू गाळायची सोय) तेच. तीन शनिवार-रविवार नुसते खड्डे खणले आणि बुजवले.

शेवटी जमलं ते असं. आधी धातू नसलेली जागा शोधून, कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) खाली-वर करत, आवाज सपाट होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दाबायचं सेटिंग. मातीचा रंग बदलला की पुन्हा. सिग्नल आला तरी लगेच खणायचं नाही. कॉइल एकदा आडवी, मग काटकोनात फिरवायची. दगडाचा आवाज बहुधा पसरट, जागा बदलणारा. धातूचा आखूड, दोन्हीकडून त्याच ठिकाणी. मग कॉइल हळूहळू उचलायची: दगडाचा आवाज पटकन विरतो. तरी शंका उरली तर बुटाने दोन इंच माती खरवडायची. सिग्नल ढिगाऱ्यात सरकला, तर प्लॅस्टिकच्याच स्कूपने थोडी थोडी माती कॉइलवरून न्यायची.

त्या दिवशी आधी शिशाचे चार छर्रे निघाले (शिसं सोन्यासारखंच वाजतं, इलाज नाही), आणि मग मसूरडाळीएवढा, कडा झिजलेला पिवळा खडा.