आपल्या शहराचा लोकसभेतला इतिहास कसा लिहावा

शहराचे आजवरचे खासदार कोण, याची यादी दहा मिनिटांत मिळते. ती उतरवून काढायची, मध्ये दोन-चार किस्से घालायचे आणि वर 'शहराचा संसदीय इतिहास' असं शीर्षक द्यायचं, असे लेख मी स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं वाचत आलोय. ते सगळे एकाच जागी घसरतात. मतदारसंघाचं नाव आणि शहर ही एकच गोष्ट आहे असं ते धरून चालतात. सुरुवातीला मीही तसंच धरलं होतं, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या एका टप्प्याला दिली आहे. उदाहरण पुण्याचं घेतो. हेच काम तुम्ही सोलापूर, नाशिक, नागपूर, कोणत्याही शहरासाठी करू शकता.

पायरी १ : यादी काढा

निवडणूक आयोगाचे प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल आणि लोकसभेची सदस्यसूची समोर ठेवा, दोन्ही ताडून पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुण्यासाठी ती अशी निघते. १९५७ ना. ग. गोरे, १९६२ शंकरराव मोरे, १९६७ एस. एम. जोशी, १९७१ आणि १९७७ मोहन धारिया, १९८०, १९८४ आणि १९८९ विठ्ठलराव गाडगीळ, १९९१ अण्णा जोशी, १९९६ सुरेश कलमाडी, १९९८ विठ्ठल तुपे, १९९९ प्रदीप रावत, २००४ आणि २००९ पुन्हा कलमाडी, २०१४ अनिल शिरोळे, २०१९ गिरीश बापट, २०२४ मुरलीधर मोहोळ. १९५२ मी मुद्दाम गाळलंय, त्याकडे पुढे येतो.

नावं इंग्रजी यादीतून जशीच्या तशी देवनागरीत आणू नका. नानासाहेब गोऱ्यांचं 'गोराय' झालेलं मी छापील पानावर पाहिलंय. ज्या माणसाला सारं पुणं ओळखत होतं, त्याचं आडनाव असं छापून यावं याचं मला फार वाईट वाटलं.

पायरी २ : सुरुवात कुठून करायची ते ठरवा

माझं मत ठाम आहे, सुरुवात १९५२ पासूनच करा. गोपाळ कृष्ण गोखले पुण्याचे आणि कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी केलेली अंदाजपत्रकावरची भाषणं गाजली, हे खरं. पण त्यांना तिथे पाठवलं होतं मुंबई कायदेमंडळाच्या बिनसरकारी सदस्यांनी. पुण्याच्या रहिवाशांनी त्यांना मत दिलेलं नव्हतं. काकासाहेब गाडगीळ १९३४ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले तेही कित्येक जिल्हे एकत्र करून केलेल्या मतदारसंघातून, आणि तेव्हा मताचा हक्क मूठभरांनाच होता. हा काळ वेगळ्या प्रकरणात घ्या, जरूर घ्या. फक्त त्याला 'पुण्याचं प्रतिनिधित्व' म्हणू नका.

पायरी ३ : हद्द शोधा

इथे थांबा आणि वेळ काढा. इथे महिना गेला तरी चालेल.

मी हे काम पहिल्यांदा केलं ते एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी. १९५२ समोर लिहिलं, 'पुणे : काकासाहेब गाडगीळ, काँग्रेस'. अंक वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचा फोन आला. "अहो, आमच्या मायदेवबाई कुठे गेल्या?" बावन साली त्यांचं मतदानाचं वय झालं नव्हतं, पण आईचं बोट धरून त्या केंद्रावर गेल्या होत्या. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं. आई आत गेली आणि बैलजोडीच्या पेटीत मत टाकून बाहेर आली, एवढं त्यांना लख्ख आठवत होतं. ते मत काकासाहेबांना नव्हतं, इंदिराबाई मायदेवांना होतं.

पहिल्या निवडणुकीत 'पुणे' नावाचा मतदारसंघच नव्हता. 'पुणे मध्य' होता, तिथून गाडगीळ निवडून आले. 'पुणे दक्षिण' होता, तिथून इंदिराबाई मायदेव. पहिल्या लोकसभेत बसलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक बाई पुण्याच्या नावाच्या मतदारसंघातून गेली होती, आणि मी तिला गाळलं होतं. कारण एवढंच की मी यादीत फक्त 'पुणे' हा शब्द शोधत होतो. त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. नाव शोधू नका, जागा शोधा.

त्याची रीत सांगतो. एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला शहरातली आठ-दहा ठिकाणं लिहा. काही जुन्या गाभ्यातली, काही कडेची. पुण्यासाठी मी शनिवारवाडा, कॅम्प, कोथरूड, वडगाव शेरी, हडपसर, धायरी, पिंपरी आणि भोसरी अशी घेतो. मग उभे रकाने पाडा. प्रत्येक निवडणुकीला एक रकाना पाडू नका. तसं केलंत तर अठरा रकाने होतील आणि तुम्ही कंटाळून काम सोडून द्याल. हद्द दर निवडणुकीला बदलत नाही, मतदारसंघांची पुनर्रचना होते तेव्हाच बदलते. म्हणून रकाने पाडायचे ते नव्या हद्दीने झालेल्या पहिल्या निवडणुकीचे : १९५२, १९५७, १९६७, १९७७, २००९. तुमच्या शहरात १९५७ ला द्विसदस्य मतदारसंघ (म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार) असेल तर १९६२ चाही एक, कारण १९६१ च्या कायद्याने ते मतदारसंघ मोडले. प्रत्येक चौकोनात एकाच प्रश्नाचं उत्तर भरायचं : या ठिकाणचा मतदार त्या वर्षी कोणत्या मतदारसंघात होता?

उत्तर राजपत्रातल्या परिसीमन आदेशात, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आदेशात मिळतं. ते वाचायला सोपं नसतं. अमुक तालुका, त्यातलं अमुक महसूल मंडळ, त्यातला अमुक सझा, पुढे महापालिकेचे वॉर्ड क्रमांक इतके ते इतके, अशा ओळीमागून ओळी. आणि इथेच दुसरा खड्डा आहे, मी त्यातही पडलोय. ते वॉर्ड क्रमांक आजचे नसतात. ज्या जनगणनेवर आदेश बेतलेला असतो, त्या वेळचे असतात. २००८ चा आदेश २००१ च्या जनगणनेवर आहे. त्यातला वॉर्ड क्रमांक घेऊन तुम्ही २०१२ च्या ७६ प्रभागांच्या किंवा २०१७ च्या ४१ प्रभागांच्या नकाशात शोधायला गेलात, तर भलत्याच पेठेत जाऊन पोहोचाल. मी एकदा कडेची एक अख्खी वस्ती अशीच चुकीच्या मतदारसंघात टाकली होती. त्या त्या जनगणनेच्या वेळचा वॉर्डांचा नकाशा हाताशी असल्याशिवाय हा चौकोन भरू नका. मिळत नसेल तर चौकोन पेन्सिलीने भरा आणि प्रश्नचिन्ह टाका. 'अंदाजे बरोबर असेल' म्हणून शाईने भरायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका.

कागद भरत आला की शहर तुमच्याशी बोलायला लागतं. १९७७ चा रकाना बघा. १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली ती हद्द १९७७ पासून २००४ पर्यंत, नऊ निवडणुका, तशीच राहिली. १९७१ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये पंचवीस लाखांच्या वर गेली. शहर तिप्पट झालं आणि मतदारसंघाची रेघ जिथल्या तिथे.

मग २००९ चा रकाना. भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभा मतदारसंघ नावासकट गेले. आजच्या पुणे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत : वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. हडपसर त्यात नाही. हडपसर शिरूरमध्ये आहे. खडकवासला बारामतीत आहे, म्हणजे सिंहगड रस्त्यावरचा धायरीचा माणूस पुण्याचा पाण्याचा नळ वापरतो, पुणे महापालिकेला मिळकतकर भरतो आणि लोकसभेसाठी इंदापूर-दौंडच्या मतदारांबरोबर मत देतो. शेजारच्या पिंपरी-चिंचवडचं तर आणखी कठीण. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये, जिथे घाटाखालचे पनवेल, कर्जत आणि उरणही आहेत. भोसरी शिरूरमध्ये. एवढं मोठं औद्योगिक शहर, पण त्याच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ आजवर झालेला नाही.

म्हणून '२०२४ मध्ये पुणे शहराने कोणाला निवडून दिलं?' या प्रश्नाचं खरं उत्तर तीन नावांचं आहे. मुरलीधर मोहोळ, सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे. हे तीनही लिहिलेत तरच तुम्ही शहराचा इतिहास लिहिलात. एकच नाव लिहिलंत तर तुम्ही मतदारसंघाचा इतिहास लिहिला आहे. तोही लिहावा, पण शीर्षकात तसं सांगावं.

मुंबईकरांसाठी जास्तीची एक सूचना. १९५२ आणि १९५७ मध्ये एकाच मतदारसंघापुढे दोन विजेते दिसले तर छपाईची चूक समजून एक खोडू नका. पहिल्या निवडणुकीत देशात ८६ द्विसदस्य मतदारसंघ होते, एका जागेवर अनुसूचित जाती किंवा जमातीचा उमेदवार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये हरले ते उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात. राखीव जागेवर नारायणराव काजरोळकर आले आणि सर्वसाधारण जागेवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी. यातलं एक नाव गाळलंत तर त्या निवडणुकीचा अर्थच हरवतो.

पायरी ४ : पक्षाचा रकाना

आयोगाच्या कागदावर जे आहे ते लिहा, आणि लोकांच्या तोंडी जे होतं ते कंसात लिहा. १९५७ चे गोरे कागदावर प्रजा समाजवादी पक्षाचे, पुणेकरांच्या लेखी संयुक्त महाराष्ट्र समितीचे. समिती स्थापन झाली तीच पुण्यात, ६ फेब्रुवारी १९५६ ला. समितीचा उल्लेख गाळला तर ती निवडणूक कशावर लढली गेली हे वाचणाऱ्याला कळणार नाही. धारिया १९७१ ला काँग्रेसचे, १९७७ ला जनता पक्षाचे. माणूस तोच, शहर तेच, मधे आणीबाणी. १९६९ आणि १९७८ च्या फुटीनंतर नुसतं 'काँग्रेस' लिहून भागत नाही, कोणती ते लिहा.

माणसाचा माग इतर मतदारसंघांतही काढा. १९६२ चे पुण्याचे काँग्रेस खासदार शंकरराव मोरे पहिल्या लोकसभेत सोलापुरातून गेले होते, शेतकरी कामगार पक्षातर्फे. आणि यशवंतराव चव्हाण १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध आले, हे नाशिककरांनी लिहिलंच पाहिजे. पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात.

पायरी ५ : राज्यसभा बाजूला ठेवा

धारिया, गोरे, विठ्ठलराव गाडगीळ, कलमाडी हे सगळे कधी ना कधी राज्यसभेतही होते. पण राज्यसभेचा सदस्य राज्याचा असतो आणि त्याला आमदार निवडतात. त्यांची स्वतंत्र टीप द्या, यादीत मिसळू नका.

पायरी ६ : सभागृहात काय बोलले ते वाचा

लोकसभेच्या चर्चा आता घरबसल्या वाचता येतात. प्रत्येक खासदाराचं निदान एक भाषण पूर्ण वाचा, मगच त्याच्याविषयी वाक्य लिहा. राज्य पुनर्रचनेच्या अहवालावर १९५५ मध्ये काकासाहेब आपल्याच पक्षाच्या सरकारसमोर उभं राहून काय बोलले, ते वाचल्यावर 'ज्येष्ठ नेते' हा शब्द लिहायला तुमचा हात वळणार नाही.

पायरी ७ : कालावधी मोजा आणि रिकाम्या ओळी भरा

पाच वर्षं गृहीत धरू नका. १९७१ ची लोकसभा आणीबाणीत मुदतवाढ मिळून जानेवारी १९७७ पर्यंत चालली. १९९८ ची एप्रिल १९९९ मध्ये विसर्जित झाली, म्हणजे तुप्यांना जेमतेम वर्षभर मिळालं. निवडून येण्याची आणि जागा रिकामी होण्याची तारीख, दोन्ही लिहा.

पुण्याच्या यादीत सगळे जी ओळ गाळतात ती अशी. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. कायद्याप्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. उरलेला काळ एका वर्षापेक्षा कमी असेल, किंवा या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून ठरवलं, तर सवलत असते. पोटनिवडणूक लागली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती ताबडतोब घ्या असं सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ४ जून २०२४ ला मोहोळ निवडून आले.

माझ्या कागदावर शनिवारवाडा, कॅम्प, कोथरूड आणि वडगाव शेरी यांच्यासमोर ती ओळ शाईने लिहिलेली आहे : २९ मार्च २०२३ ते ४ जून २०२४, खासदार नाही. हडपसर आणि धायरीसमोर त्याच तारखांना नाव आहे.