अमेरिकेत एलएनए व्हायचंय? आधी फी भरू नका

एलएनए म्हणजे लायसन्स्ड नर्सिंग असिस्टंट, नर्सच्या हाताखालचा मदतनीस. न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉन्टमध्ये एलएनए म्हणतात, बऱ्याच राज्यांत सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट), काम तेच, पेशंटला आंघोळ, भरवणं, उठवणं-बसवणं, बीपी बघणं. सगळ्यात आधी वर्क परमिट (ईएडी) आहे का बघा, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच४ व्हिसावर ईएडी नसेल तर लायसन्स मिळूनही पगारी काम करता येत नाही.

आता फीचं. क्लास शोधायच्या आधी जवळच्या नर्सिंग होम्सना फोन करून विचारा की तुम्ही ट्रेनिंग देता का, कारण मेडिकेअर-मेडिकेडवाल्या (म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे पेशंट घेणाऱ्या) नर्सिंग होमने नोकरीवर घेतलं असेल किंवा ऑफर दिली असेल तर ट्रेनिंगचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, आणि स्वतः पैसे भरून केलंत तरी १२ महिन्यांत अशा ठिकाणी लागलात तर हप्त्याहप्त्याने परत मिळायला हवेत. हे आपणहून कुणी सांगत नाही.

ट्रेनिंग फेडरल नियमाने किमान ७५ तास, त्यातले १६ तरी प्रॅक्टिकल, पण बरीच राज्यं यापेक्षा जास्त मागतात. मग परीक्षा: एक लेखी (इंग्रजी वाचायला अडत असेल तर तोंडी मागता येते) आणि एक स्किल्सची. लेखी सोपी वाटेल, लोक अडकतात ते स्किल्समध्ये आणि तेही बारीकसारीक गोष्टींत. मी प्रॅक्टिसला व्हीलचेअरचे ब्रेकच लावायला विसरले होते, बाकी सगळं बरोबर! हात धुताना नळ टिश्यूने बंद करायचा, कपडे घालताना दुखऱ्या बाजूपासून सुरुवात करायची, निघताना कॉल बेल पेशंटच्या हाताशी ठेवायची, हे घरी कुणालातरी झोपवून रोज करा, नवरा कंटाळला तरी. नापास झालात तर घाबरू नका, किमान तीन संधी मिळतातच.

लायसन्स टिकवणं मात्र आपल्यावर असतं. किती तास काम आणि किती तासांचं शिक्षण लागतं ते राज्यागणिक वेगळं, राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवरच बघा. पण सलग २४ महिने पगारी नर्सिंगचं काम झालं नाही तर पुन्हा ट्रेनिंग-परीक्षेच्या फेऱ्यात जावं लागतं. सासूबाईंची दोन वर्षं सेवा केलीत, ती धरत नाहीत, फुकट ना! म्हणून बाळंतपणाची किंवा भारतात राहायची लांब सुट्टी घ्यायच्या आधी तारखा मोजा, आणि पे स्टब्स (पगाराच्या पावत्या) नि इन-सर्व्हिसची, म्हणजे नोकरीत असताना झालेल्या ट्रेनिंगची, सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये ठेवा, नोकरी सोडल्यावर जुन्या ठिकाणी ती मागत बसायला फार जीव जातो.