चॉकलेटच्या चांद्यांचं काय करायचं

चकचकीत वेष्टन आधी मुठीत चुरगळा. गोळा तसाच राहिला तर ती अॅल्युमिनियमची चांदी. पुसून साठवा, भंगारवाल्याला विचारा. पुन्हा फुललं तर ते प्लास्टिक, वर अॅल्युमिनियमचा नावापुरता थर. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही.

आमच्या गिरगावच्या चाळीत पोरं वेष्टनं जिन्यातच टाकतात, तिथून ती गटारात. गटारं तुंबली की काय होतं, ते 26 जुलै 2005 चा मुंबईतला पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. सुटी टाकू नका. चिप्सच्या रिकाम्या पाकिटात कोंबा, तोंड दुमडा, सुक्या कचऱ्यात द्या. दुधाच्या पिशवीत मात्र नको. ती धुऊन वाळवली तर रद्दीवाला पैसे देतो. जाळायचं तर नावच काढू नका.

रंगीत वेष्टनं ठेवायची असतील तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर मुंग्यांची वरात आलीच. जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा, बोटभर पट्ट्या कापा आणि आकाशकंदिलाला शेपट्या म्हणून चिकटवा, दिव्यापासून लांब. वेष्टनं प्लास्टिकच्या बाटलीत ठासून बांधकामाच्या विटा करायचं खूळ असेल तर आधी त्या वापरणार कोण, ते ठरवा.