आप्पांचा फोटो: युद्धकाळातल्या नौदल अधिकाऱ्याची छायाचित्रं कशी शोधायची

आमच्या ठाण्याच्या घरात बाहेरच्या खोलीत तीस वर्षं एक फोटो टांगलेला होता. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर पट्ट्या, टोपी किंचित तिरकी. हे आप्पा, माझे आजोबा. सर्वपित्रीला हार त्यालाच. फ्रेमची मागची पुठ्ठी वाळवीने धरली म्हणून फोटो बाहेर काढला, स्कॅनरवर ठेवला, पडद्यावर मोठा करून पाहिला आणि लक्षात आलं, हे आप्पा नव्हेतच.

कळलं ते पट्ट्यांवरून. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत तीन तऱ्हेचे अधिकारी होते. कायमच्या नोकरीतल्यांच्या सोनेरी पट्ट्या सरळ. व्यापारी जहाजांवरून राखीव दलात आलेल्यांच्या पट्ट्या दोरीसारख्या गुंफलेल्या. आणि आप्पांसारखे, म्हणजे युद्धापुरते कॉलेजातून, कचेरीतून, वकिलीतून उचललेले जे स्वयंसेवक राखीव दलात (आरआयएनव्हीआर) गेले, त्यांच्या पट्ट्या नागमोडी. ट्रंकेतल्या नेमणुकीच्या कागदावर आप्पांचं दल स्वच्छ छापलेलं आहे आणि भिंतीवरच्या गृहस्थांच्या पट्ट्या रुळासारख्या सरळ! आत्याला फोन केला. ती म्हणाली, "तुला काय कळतंय, मी त्यांची मुलगी आहे," आणि फोन ठेवून दिला.

तिथून पुढची चार वर्षं खऱ्या आप्पांचा फोटो शोधण्यात गेली. कुणाच्या घरात असाच कुणी 'बोटीवरचा' आजोबा, पणजोबा असेल तर माझी पायपीट त्याला वाचावी म्हणून हे लिहिते.

पहिली गोष्ट: इंटरनेटवर नाव टाकून शोधायला बसू नका. त्या काळच्या सरकारी फोटोंखाली माणसाचं नाव क्वचित असतं. वरिष्ठ अधिकाऱ्याचं असतं, पदक मिळालेल्याचं असतं. तुमच्या-आमच्या लेफ्टनंटचं असतं ते 'एक हिंदी अधिकारी दुर्बिणीतून पाहताना' एवढंच. म्हणून माणूस शोधायचा नाही. बोट शोधायची, तारीख शोधायची, मग त्या बोटीवर त्या तारखेला कॅमेरा कुणाकडे होता ते शोधायचं. माणूस शेवटी सापडतो.

त्यासाठी आधी एक वही करा. तीन रकाने: कधीपासून कधीपर्यंत, कुठे, कोणती बोट. घरातले कागद त्यात उतरवा. नेमणुकीचं पत्र, पगाराची चिठ्ठी, सुटकेचा दाखला, रेल्वे वॉरंट, पाकिटांवरचे शिक्के, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. आजीला आलेल्या पत्रांत आप्पा बोटीचं नाव कधीच लिहीत नसत, सेन्सॉर ते खोडायचा. पण एका पत्रात 'वेसावला मासळीच्या वासात शिकतोय' असं आहे. हे वेसावे म्हणजे वर्सोवा. तिथे पाणबुडीविरोधी युद्धाचं शिक्षण देणारी एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे बादशहाची हिंदी बोट) मछलीमार ही शाळा होती. एक ध्यानात ठेवा, एचएमआयएस लिहिलेलं सगळंच काही पाण्यावर तरंगत नव्हतं. फिरोज मलबार हिलवर होतं, नवे अधिकारी तिथे तयार व्हायचे. तलवार कुलाब्यात होतं, १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांचं बंड पेटलं ते तिथूनच. शिवाजी लोणावळ्याला, बहादूर कराचीला. 'आजोबा शिवाजी बोटीवर होते' असं घरात सांगत असतील, तर आजोबा लोणावळ्यात होते, समुद्रापासून चांगले लांब.

नावाचं रोमन स्पेलिंग हे वेगळंच दुखणं. आमचं आडनाव वर्तक. व्हीने सुरू होणारं, डब्ल्यूने सुरू होणारं, मधल्या 'ए'चा 'ई' झालेलं, शेवटच्या 'के'चा 'सी-के' झालेलं, असं सगळं मला भेटलं. ब्रिटिश नौदलाच्या युद्धकाळातल्या अधिकारी याद्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट वाचायला ठेवल्या आहेत, आणि युनिट हिस्टरीज या संकेतस्थळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या अधिकाऱ्यांची वेगळी, आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली यादी आहे, बढतीच्या तारखांसकट. दोन्हीकडे सगळी स्पेलिंगं टाकून बघा. मानाचा उल्लेख किंवा पदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, चाळा. नावाने नाही मिळालं तर 'रॉयल इंडियन नेव्ही' आणि वर्ष टाकून पानं उलटा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत 'आर'चा 'एन' सहज होतो.

वही भरत आली तेव्हा आप्पांचा मुख्य मुक्काम निघाला: एचएमआयएस जमुना, १९४४ च्या अखेरीपासून. जमुना म्हणजे स्लूप जातीची युद्धनौका, स्कॉटलंडात डम्बार्टनला डेनी यांच्या गोदीत बांधलेली. १९४३ च्या जुलैत ती आणि सतलज सिसिलीच्या मोहिमेत होत्या आणि १९४५ च्या जानेवारीत ती ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती. तिचं रोमन स्पेलिंग आपण आज लिहू तसं नाही, जुन्या इंग्रजी पद्धतीचं आहे. कावेरी, कृष्णा, नर्मदा यांचंही तेच. कृष्णा तर 'किस्तना' म्हणून सापडते. ही जुनी रूपं टाकल्याशिवाय शोधखिडकी काही देत नाही.

आता मुख्य खाण. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा फोटोसंग्रह ऑनलाइन पाहता येतो. नौदलाच्या सरकारी छायाचित्रकारांचे फोटो 'ए' या अक्षराने सुरू होणाऱ्या नंबरांचे, हिंदुस्थानातल्या संग्रहाचे 'आयएनडी'ने सुरू होणारे. बोटीचं नाव टाका, मग 'इंडियन स्लूप' टाका, मग बंदरांची नावं टाका: अक्याब (आराकानच्या किनाऱ्यावरचं), त्रिंकोमाली, मोंबासा, माल्टा. युद्धात छापायला दिलेल्या मजकुरात बोटीचं नाव बऱ्याचदा गाळलेलं असे, म्हणून 'इंडियन स्लूप' महत्त्वाचं. आणि एक फोटो हाती लागला की खरं काम सुरू होतं: त्याच्या नंबरच्या मागचे आणि पुढचे वीस-वीस नंबर बघायचे. छायाचित्रकार बोटीवर चढला की दिवसभर रीळ संपवत असे, बोट हाकायची जागा (ब्रिज), तोफा, स्वयंपाकघर, नमाज, पत्त्यांचा डाव. नंबर ओळीने पडत. मथळ्यात बोटीचं नाव एकाच फोटोखाली असतं, बाकीचे नुसते पडून असतात. मला जमुनेचे म्हणावे असे सात फोटो या रीतीने मिळाले. एकाही मथळ्यात जमुना नव्हती. एकात कठड्यामागे रंगवलेला यू-२१ हा क्रमांक अर्धा दिसत होता, तो तिचा. त्या युद्धकाळातल्या सरकारी फोटोंवरचा ब्रिटिश हक्क संपलेला आहे, पण मोठी, छापण्याजोगी प्रत मागवायची तर पैसे पडतात.

बोट जिथे बांधली, जिथे दुरुस्तीला लागली, जिथे लढली, तिथेही बघा. बेंगाल या छोट्या सुरुंगशोधक बोटीचं उदाहरण घ्या. ती सिडनीत बांधलेली. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या बाजूला ती ओन्दिना या डच तेलजहाजाला सोबत करत होती, तेव्हा दोन जपानी जहाजांनी गाठलं. त्यातलं होकोकू मारू बुडालं, बेंगाल आणि ओन्दिना वाचल्या. म्हणजे तुमचे आजोबा बेंगालवर असतील तर शोध कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्ह या फुकट वर्तमानपत्रसंग्रहात आणि हॉलंडच्या लष्करी इतिहास संस्थेच्या चित्रसंग्रहातही करायचा. मुंबईत बसून 'मुंबईची बोट' म्हणून शोधाल तर निम्मं हातचं जाईल.

मुंबईत जायचं ते तयारीनिशी. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी, आणि जुन्या इंग्रजी-मराठी अंकांसाठी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायली अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. फोटो फारसे नाहीत, पण बदल्यांचे कागद वहीतले खड्डे भरतात. आजोबा डफरिन या शिक्षणजहाजावरून गेले असतील तर तिथल्या तुकड्यांचे गटफोटो हा स्वतंत्र आणि चांगला धागा आहे. आजोबा परतलेच नसतील तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत नाव पाहा. समुद्रात गेलेल्या नौसैनिकांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारक-नोंदवह्यांत आहेत.

घरातल्या फोटोंची मागची बाजू आधी बघा, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. स्टुडिओचा शिक्का असेल तर शेजारचा पेन्सिलीतला नंबर म्हणजे बहुधा निगेटिव्हचा नंबर. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ चा, गोदीपासून चालत जाण्याइतका. असे शिक्के असतील तर तो नंबर सोन्याचा समजा. काळ ठरवायला गणवेशही मदत करतो. नाविकाच्या टोपीच्या फितीवर नुसतं 'एचएमआयएस' असेल, बोटीचं नाव नसेल, तर फोटो बहुधा युद्धातला. छातीवर १९३९-४५ तारकेची फीत असेल तर तो १९४३ च्या मध्याआधीचा नाही, कारण ते पदकच तेव्हा जाहीर झालं. टोपीवर मुकुटाऐवजी सिंह असतील तर २६ जानेवारी १९५० नंतरचा.

हाताळताना घ्यायची काळजी थोडक्यात. अल्बमच्या काळ्या पानावरून चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटला असेल तर काचेसकट. सहाशे डीपीआय, पुढून आणि मागून. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. लॅमिनेशन कधीही करू नका, आपल्या पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि मग इलाज नसतो.

आणि एक माझ्या अंगाशी आलेलं. एक अंधूक गटफोटो मी हौसेने एका अ‍ॅपमध्ये घालून 'स्वच्छ' करून घेतला. चेहरे इतके सुरेख उमटले की मी हरखले. आठवड्याने मूळ प्रतीशी ताडून पाहिलं, तर यंत्राने खांद्यावरच्या नागमोडी पट्ट्या सरळ करून टाकल्या होत्या आणि प्रत्येकाला नवे दात दिले होते. ओळख पटवायची ती मूळ स्कॅनवरूनच. चेहऱ्यापेक्षा कानाकडे बघा. दाढी-मिशी, वजन, वय सगळं बदलतं, कानाची घडण फारशी बदलत नाही.

म्युझियमच्या त्या सात फोटोंत आप्पा नव्हते. ते सापडले पुण्यात, त्यांच्या बोटीवरच्या एका सहकाऱ्याच्या मुलीकडे. तिचा पत्ता लागला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका भल्या माणसामुळे. माझं पत्र त्याने तिच्याकडे पोचवलं, पत्ता मला दिला नाही, आणि हीच योग्य पद्धत. तिने चहा दिला, मग कपाटावरून मिठाईचा डबा काढला. आत रबरबँडने बांधलेले फोटो, काहींच्या कडा चांदीसारख्या चमकायला लागलेल्या. चौथा की पाचवा फोटो: डेकवर सात जण, अर्ध्या चड्डीत, मागे तोफेची नळी, उन्हाने डोळे बारीक केलेले. चेहरे नखाएवढे. मी उजवीकडून दुसऱ्यावर थांबले ते मनगटामुळे. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. आप्पा मरेपर्यंत घड्याळ तसंच बांधत. वेळ बघायची तर तळहात वर करत, भिक्षा मागितल्यासारखा, आणि आम्ही पोरं हसायचो. खांद्यावर दोन नागमोडी पट्ट्या.

मागे शाईने नावं होती, सहाच. आमचं आडनाव डब्ल्यूने. 'अक्याब, जाने. ४५'.

आत्याला प्रिंट नेऊन दिली. तिने ती बराच वेळ धरली, मग आत जाऊन भिंतीवरच्या जुन्या गृहस्थांचा फोटो मला आणून दिला. "हे आप्पांचे कोणीतरी मित्र असणार. उगीच का त्यांनी जपला? तूच शोध आता." म्हणून सध्या वहीत दोन नवी पानं आहेत. एकावर 'सरळ पट्ट्या, दोन, उन्हाळी गणवेश, फीत नाही, म्हणजे बहुधा १९४३ च्या आधी'. दुसऱ्यावर 'डावीकडून तिसरा, नाव नाही'.