परतीचा पाऊस आणि ओढ्याकाठचा राखीव पट्टा

एकीकडे द्राक्षाची फळछाटणी, दुसरीकडे रांगड्या कांद्याची लागण. अशा घाईत ओढ्याकडे जायला कुणाला सवड नसते, हे मान्य. पण काठावर झाडं-गवत लावून पट्टा राखायचा लेखी करार ज्यांनी केलाय, त्यांनी परतीचा पाऊस संपायच्या आत एक चक्कर मारलीच पाहिजे. दिवाळीनंतर गवत वाळून आडवं पडतं आणि पट्ट्याचं दुखणं त्याखाली झाकलं जातं.

झाडं किती जगली ते सगळे मोजतात. माझ्या मते आधी ओघळी शोधाव्यात. शेतातलं पाणी पट्ट्यात पसरलं, रेंगाळलं, तरच गाळ आणि खत वर राहतं. तेच पाणी गाडीवाटेवरून किंवा फुटलेल्या बांधातून एका जागी गोळा झालं, की पट्टा 10 मीटरचा असो वा 20 मीटरचा, एकाच ओघळीतून ते सरळ ओढ्यात उतरतं. बाकीची सगळी झाडं नुसती बघत उभी! म्हणून जोराची सर थांबली की लगेच शेताच्या खालच्या कडेने चालत जा. गवत एकाच दिशेला लोळलेलं, मुळ्या उघड्या, मधोमध बारीक वाळूची रेघ दिसली, की तिथे काठी रोवून ठेवा.

दुरुस्ती वरून सुरू करायची. आधी बांधाची फूट बुजवा, सऱ्या उताराला आडव्या वळवा. द्राक्षाच्या ओळी उताराच्या दिशेने असतील तर त्या बदलणं शक्य नाही. तिथे दोन ओळींमधलं गवत खरवडून काढू नका. मग ओघळीत दगडांची आडवी पाळ घाला, मध्यभागी किंचित खोलगट. सपाट घातली तर पाणी कडेने नवी वाट कोरतं. पाळीच्या वरच्या अंगाला ओल असेतो वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंमी अंतराने एका ओळीत लावा. नाशिक जिल्ह्यातल्या कादवा नदीच्या खोऱ्यातून सुटलेली माती खाली नांदूरमधमेश्वरात जाऊन बसते, आणि जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत असलेला तो जलाशय आधीच गाळाने भरत आलाय.

काठ किती ढासळतोय ते अंदाजाने सांगू नका. काठाच्या कडेपासून ठरावीक अंतर आत लोखंडी सळई ठोका, तिथून कडेपर्यंतचं अंतर वहीत लिहा, आणि दर पावसाळ्याआधी व नंतर मोजा. फोटोही त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला काढा. पाहणीला कुणी आलं तर हीच वही कामाला येते.

तण काढताना थोडा विचार हवा. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. घाणेरी वरवर छाटली की दुप्पट जोमाने फुटते. तिचं मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर तोडून झुडूप उलटं टाका. तीव्र उतारावर मात्र एकदम सगळी काढू नका, माती मोकळी पडते. टप्प्याटप्प्याने काढा आणि मोकळ्या जागी पुढच्या पावसाळ्यात करंज, निर्गुडी, वाळुंज लावा. बेशरमचे तोडलेले तुकडे पाण्यात टाकले तर खाली जिथे अडकतील तिथे रुजतात, म्हणून ते खडकावर वाळवा. तणनाशक या पट्ट्यात नकोच.

फवारणीचंही तेच. पट्ट्याला लागून असलेल्या शेवटच्या ओळीत ब्लोअरचे (पंख्याच्या फवारणी यंत्राचे) बाहेरच्या बाजूचे नोझल बंद ठेवा. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) तांबं माशांना घातक असतं. पंप ओढ्यात धुऊ नका, धुवण बागेतच फवारून टाका.

इगतपुरी-त्र्यंबककडे रोपं पुराच्या ओढीने उपटतात, सिन्नर-येवल्याकडे फेब्रुवारीनंतर तहानेने मरतात. तिकडच्यांनी आळ्यात पाचट आत्ताच घालावं. गवत कापून नेऊन जनावरांना घाला. शेळ्या आत सोडल्या तर कोवळे शेंडे आधी जातात. वणवा अडवायला जाळपट्टा, म्हणजे गवत नसलेली मोकळी पट्टी, डिसेंबरपर्यंत काढा. बिबट्याची भीती असेल तर वस्तीच्या बाजूची झुडपं छाटून खालची नजर मोकळी ठेवा, पण काठालगतची झाडी तोडू नका.

शेवटी हद्द. भाड्याचा ट्रॅक्टर दरवर्षी नांगराच्या एखाद्या रेघेइतका पट्ट्यात सरकतो, आणि पाच-सहा वर्षांत मीटर-दोन मीटर पट्टा शेतात गेलेला असतो. हद्दीचे दगड चुना मारून ठळक करा. भावाभावांत वाटणी झाली असेल किंवा जमीन वाट्याने दिली असेल, तर कराराची प्रत त्यांच्या हातात द्या, आणि रब्बीच्या नांगरटीआधी ड्रायव्हरला ते दगड स्वतः चालत दाखवा.